महिन्याला एक सिनेमा, आणि निवड त्यांची

भीमजयंतीचा आठवडा आला की आपल्या मंडळांचे कार्यकर्ते फळांच्या पेट्या घेऊन वृद्धाश्रमात जातात. बुद्ध पौर्णिमेला खीर जाते, थंडीत ब्लँकेट जातात. वाटप होते, बॅनर धरून फोटो निघतो आणि पाऊण तासात गाडी परत निघते. यामागची भावना खरी असते, तिला नावे ठेवायचे कारण नाही. पण हे आरोग्याचे पान आहे, म्हणून एक प्रश्न विचारायला हवा. केळे खाऊन झाल्यावर, गाडी गेल्यावर, पुढच्या जयंतीपर्यंत त्या माणसांचे दिवस कसे जातात?

उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या विहार समित्या, महिला मंडळे आणि तरुणांपुढे एक साधी सूचना ठेवतो. जवळचा एक वृद्धाश्रम निवडा आणि तिथे दर महिन्याला एक सिनेमा दाखवा. कोणता सिनेमा, ते तिथे राहणाऱ्यांनी मतदान करून ठरवावे. सिनेमा संपल्यावर अर्धा तास त्यांच्याबरोबर बसून चहा घ्यावा. खर्च फळवाटपापेक्षा फार जास्त येणार नाही, आणि माझ्या मते आरोग्याला उपयोग कितीतरी अधिक होईल.

एकटेपणा शरीरालाही लागतो

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सामाजिक संबंधांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एक एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि एकटेपणाशी निगडित मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहेत, असे त्यात म्हटले आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, नैराश्य आणि विस्मरण यांचा धोका एकटेपणाने वाढतो.

इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या २,१४८ लोकांना दहा वर्षे तपासत गेले. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणालाही नैराश्य नव्हते. सिनेमा, नाटक, संग्रहालय अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमध्ये नैराश्याचा धोका ३२ टक्क्यांनी कमी आढळला, आणि महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा जाणाऱ्यांमध्ये ४८ टक्क्यांनी कमी. मुळात जो धडधाकट असतो तोच बाहेर पडतो, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी वय, प्रकृती, उत्पन्न अशा गोष्टी हिशेबात धरल्या होत्या, तरी सिनेमामुळेच नैराश्य टळले असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण महिन्यातून एकदा ठरवून, लोकांत मिसळून काहीतरी पाहण्याचा नेम माणसाच्या मनाला धरून ठेवतो, एवढे समजायला हा अभ्यास पुरेसा आहे. वृद्धाश्रमातला माणूस टॉकीजपर्यंत जाऊ शकत नाही. मग टॉकीज त्याच्याकडे जाऊ द्या.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला एक वृद्धाश्रम सरकारला उभारता यावा, अशी तरतूद त्याच्या कलम १९ मध्ये आहे. वृद्धाश्रमांच्या व्यवस्थेचा विषय याच कलमात येतो, आणि तिथे वैद्यकीय उपचार व मनोरंजनाची साधने यांचा उल्लेख शेजारी शेजारी केलेला आहे. कायदा करणाऱ्यांनी मनोरंजनाला औषधाच्या बरोबरीने धरले आहे, हे पुष्कळ व्यवस्थापकांना आणि पुष्कळ नातेवाइकांनाही माहीत नसते. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाचे कलम ४१ तर म्हातारपणातल्या साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकते. तेव्हा वृद्धाश्रमात पडदा लावणे म्हणजे कोणावर उपकार करणे नव्हे.

टीव्ही आहे की तिथे

व्यवस्थापकांकडे गेल्यावर पहिले उत्तर हेच मिळेल. टीव्ही बहुतेक ठिकाणी असतो. तो सकाळी लागतो आणि रात्री बंद होतो. रिमोट मात्र रहिवाशांच्या हातात क्वचित असतो. समोर बसलेली अर्धी माणसे ऐकत नसतात, कारण ऐकू येत नाही. अर्धी पाहत नसतात, कारण काय लावायचे हे त्यांना कोणी विचारलेले नाही.

ठरवून दाखवलेल्या सिनेमाचे तसे नसते. रविवारी सिनेमा आहे म्हटल्यावर शनिवारपासून वाट पाहणे सुरू होते. स्वच्छ लुगडे निघते, दाढी होते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला 'येणार ना?' असे विचारले जाते. वृद्धाश्रमातला एक वार दुसऱ्या वारासारखाच असतो. ज्या माणसाला उद्याची काही वाट पाहायची नसते तो आधी जेवण कमी करतो, मग बोलणे कमी करतो, हे वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कोणत्याही मावशींना विचारून पाहा.

ही पिढी कोणाची आहे

दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ साली मिळालेले उल्हासनगर हे नाव, हा या शहराचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच शहरात सुभाष टेकडी, लालचक्की, मराठा सेक्शन, कुर्ला कॅम्प या भागांत आपली माणसे आली, पुष्कळशी गावचा दुष्काळ आणि गावची जात दोन्ही मागे टाकून. कोणी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लागले, कोणी अंबरनाथच्या विम्कोत किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. बायकांनी धुणीभांडी केली, बांधकामावर घमेली उचलली. या पिढीची करमणूक म्हणजे रात्रीचा जलसा, भीमगीतांचा कार्यक्रम आणि पगाराच्या आठवड्यातला एखादा पिक्चर. व्हीनसचे नाव काढले की कॅम्प ४ मधल्या जुन्या माणसांना आजही टॉकीज आठवते.

बायकांच्या वाट्याला तेही कमी आले. तिकिटाचे पैसे कोणाच्या हातात होते, मुले कोण सांभाळत होते आणि कोणता पिक्चर बघायचा हे कोण ठरवत होते, याचे उत्तर आपल्या सर्वांना माहीत आहे. आज वृद्धाश्रमात असलेल्या कित्येक आजींनी आयुष्यात एकही सिनेमा स्वतःच्या पसंतीने पाहिलेला नसेल.

१९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणी अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातल्या वृद्धाश्रमांत आहेत, कोणी आपल्याच गल्लीत कुलूप लावलेल्या घरासारखे बंद खोलीत आहेत. मुलगा कामाला, सून कामाला, नातू मोबाईलवर. त्यामुळे आपल्या समाजात आई-बापांना कोणी वृद्धाश्रमात ठेवत नाही, या समाधानात राहू नये. ठेवत नाही तिथेही एकटेपणा आहेच. सिनेमाच्या दिवशी वस्तीतल्या अशा दोन-चार ज्येष्ठांना रिक्षाने सोबत न्या. वृद्धाश्रमातल्या माणसांना बाहेरचे समवयस्क भेटतील, आणि वृद्धाश्रम म्हणजे टाकून दिलेल्यांची जागा ही भीतीही वस्तीतून थोडी कमी होईल.

मत त्यांचे, मूल्य समान

निवडीच्या प्रश्नावर माझे म्हणणे थोडे कडक आहे. सिनेमा आपण ठरवून न्यायचा नाही.

वृद्धाश्रमात शिरताना माणूस पुष्कळ गोष्टी दाराबाहेर ठेवून येतो. चहा किती वाजता, भाजी कोणती, दिवा कधी बंद, आंघोळ कोणत्या वारी, सगळे दुसरे ठरवतात. एवढ्या माणसांची व्यवस्था चालवायची तर त्यातले काही टळणार नाही. म्हणूनच महिन्यातून एक निर्णय तरी पूर्णपणे त्यांचा असावा. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. ते निवडणुकीपुरते नाही, जगण्यासाठी आहे. तीन सिनेमांची नावे आणि त्यांचे पोस्टर घेऊन जा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक सिनेमातले एकेक गाणे मोबाईलवर ऐकवा. मग प्रत्येकाच्या हातात एक चणा द्या आणि तीन वाट्यांपैकी एकीत टाकायला सांगा. खाटेवर पडून असलेल्यांकडे वाट्या घेऊन जा. कोणाचे मत राहू देऊ नका.

यातून अडचणीही येतील, त्या आधीच बोललेल्या बऱ्या. समजा बहुमत 'जय संतोषी मां'ला मिळाले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या कार्यकर्त्याने तो सिनेमा लावावा का? माझे मत, लावावा. प्रोजेक्टर चालवणे म्हणजे पूजा करणे नव्हे. आपण हात जोडणार नाही, आरती म्हणणार नाही. पण दुसऱ्याची निवड आपल्याला पटत नाही म्हणून ती मोडायची, हा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. तो अधिकार आपल्यावर शतकानुशतके गाजवला गेला, म्हणून तर आपण लढलो.

हे तत्त्व दुसऱ्या बाजूनेही तितकेच लागू आहे. पुष्कळ वृद्धाश्रमांत सकाळ-संध्याकाळ आरती होते. तिथली बौद्ध आजी शेवटच्या रांगेत गप्प बसते, कारण तिला कोणी विचारलेले नसते. तिच्या मताच्या चण्यालाही तेवढेच वजन आहे. चार महिन्यांनी का होईना, तिचा सिनेमाही लागला पाहिजे. म्हणून मतदानाबरोबर एक नियम करावा, की ज्या गटाचा सिनेमा सलग तीन वेळा हरला त्याचा चौथ्या वेळी मतदानाशिवाय लागेल. बहुमताच्या राज्यात अल्पमताचे रक्षण कसे करायचे, हे आपल्याला शिकवायला नको.

आणखी एक गोष्ट आपल्याच लोकांसाठी. पहिला सिनेमा बाबासाहेबांवरचा नसला तरी चालेल. आपण प्रचाराला आलो आहोत असे वाटले तर दुसऱ्या महिन्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. विश्वास बसला की लोक स्वतः विचारतील, 'तुमच्या बाबासाहेबांचा पिक्चर आहे का?' त्या वेळी जो दाखवाल तो मन लावून पाहिला जाईल.

यादीत काय ठेवावे

ज्येष्ठांना त्यांच्या विशी-तिशीतले सिनेमे सर्वांत जवळचे असतात. त्या काळातली गाणी विस्मरण झालेल्या माणसालाही पुष्कळदा आठवतात. जुने सिनेमे निवडण्याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे राहतो. त्याहून नवा सिनेमा लोकांना जमवून दाखवायचा तर निर्मात्याची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. मोफत दाखवतो म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. जुन्या सिनेमातल्या गाण्यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेव्हा वस्तीतल्या एखाद्या वकिलाला एकदा विचारून घ्यावे.

आचार्य अत्रे यांचा 'महात्मा फुले' १९५४ चा. त्याचा मुहूर्त स्वतः बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याआधीच्या वर्षीचा अत्र्यांचाच 'श्यामची आई' हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. बिमल रॉय यांचा 'सुजाता' १९५९ चा. अस्पृश्य घरात जन्मलेल्या मुलीची ती गोष्ट आहे आणि त्यात भिक्खू आनंद व चांडालिका यांची कथाही येते. 'सांगत्ये ऐका' त्याच वर्षीचा, तमाशाची आवड असलेल्यांसाठी. आपल्या भागात सिंधी ज्येष्ठ पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी साधना यांची भूमिका असलेला १९५८ चा 'अबाणा' हा सिंधी सिनेमा शोधावा. उल्हासनगरच्या वृद्धाश्रमात फक्त मराठी-हिंदी लावले तर एका बाजूची माणसे पुन्हा परकीच राहतील.

जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' मूळ इंग्रजीत आणि सुमारे तीन तासांचा आहे. परवानगी घेऊन तो दाखवायचा तर आपल्या भाषेत डब केलेली आवृत्ती घ्यावी आणि दोन रविवारी विभागून दाखवावी.

काही सिनेमे जपून. मुलांनी आई-वडिलांना वेगळे केल्याची 'बागबान'सारखी गोष्ट बाहेरच्या माणसाला हृदयस्पर्शी वाटते, पण वृद्धाश्रमातल्या माणसाला ती रोजची जखम आहे. अत्याचाराची, जाळपोळीची, फाळणीची दृश्ये असतील तर आधी स्पष्ट सांगावे आणि ज्याला उठून जायचे आहे त्याला जाऊ द्यावे. आपल्या ज्येष्ठांनी गावात जे भोगले आणि सिंधी ज्येष्ठांनी सरहद्दीवर जे पाहिले, ते पडद्यावर अचानक समोर आले तर रात्रीची झोप जाते.

खोली, खुर्ची, आवाज

वेळ दुपारी तीन ते पाच उत्तम. जेवण होऊन थोडी झोप झालेली असते, आणि विस्मरणाच्या रुग्णांची संध्याकाळची बेचैनी अजून सुरू झालेली नसते. एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त दाखवू नये. पाऊण तासाने मध्यांतर घ्यावे. लघवीला जाण्यासाठी मावशींना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर लाजेपोटी माणसे सिनेमाच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणे बंद करतात. सलग बसल्याने पाय सुजतात, व्हीलचेअरवरच्या माणसाला कमरेखाली जखम होऊ शकते. मध्यांतरात त्यांना थोडे हलवावे, ज्यांना जमते त्यांना उभे करावे. उठताना घाई नको. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते.

खोलीत पूर्ण काळोख करू नये. दाराजवळ आणि संडासाच्या वाटेवर मंद दिवा असावा. वायरी चालण्याच्या वाटेवरून नेऊ नयेत. म्हातारपणी मांडीचे हाड मोडले तर पुष्कळ माणसे पुन्हा चालत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. खाऊ देताना शुगर असलेल्यांची यादी मागून घ्यावी. भाजलेले चणे-फुटाणे दात नसलेल्यांना चालत नाहीत. मऊ उपमा किंवा बिनसाखरेचा चहा बरा.

आवाजाबाबत पुष्कळ जण चुकतात. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की कर्कश होतो, स्पष्ट होत नाही. वयामुळे आधी बारीक स्वराचे आवाज जातात, म्हणून बोलणे ऐकू येते पण शब्द लागत नाहीत. स्पीकर पडद्यापाशी न ठेवता माणसांजवळ ठेवावा. पंख्याचा खडखडाट कमी करावा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तो भिंतींवर चादरी, गोधड्या टांगल्याने कमी होतो. कमी ऐकणाऱ्यांना पुढे बसवावे.

खाटेवरून उठू न शकणाऱ्यांना विसरू नये. एक कार्यकर्ता मोबाईल किंवा टॅब घेऊन त्यांच्यापाशी बसावा आणि त्याच सिनेमातली तीन-चार गाणी दाखवावीत. विस्मरणाच्या रुग्णालाही पूर्ण गोष्ट पेलत नाही. वीस-पंचवीस मिनिटांची ओळखीची गाणी पुरेशी असतात.

पडदा हा तपासणीचा आरसा

या उपक्रमाचा आरोग्याला होणारा सर्वांत मोठा फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. दीड तास माणसांजवळ बसले की पुष्कळ काही दिसते. एक आजोबा विनोदावर हसत नाहीत आणि सगळे हसल्यावर हसतात; त्यांना ऐकू येत नाही. एक आजी खुर्ची पुढे पुढे ओढतात. मोतीबिंदू असू शकतो. लूमवर, प्रेसवर, कारखान्याच्या आवाजात तीस वर्षे काढलेल्या कामगारांचे कान कामानेच गेलेले असतात, आणि घरच्यांना ते 'लक्ष देत नाहीत' असे वाटते.

वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली विस्मरणाच्या आजाराची टाळता येण्यासारखी १४ कारणे मांडली. कमी ऐकू येणे, उपचार न केलेली कमजोर दृष्टी, नैराश्य आणि माणसांपासून तुटणे ही चारही त्यात आहेत. सर्व १४ कारणांवर काम झाले तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा अंदाज आयोगाने दिला आहे. म्हणजे सिनेमाच्या दिवशी आपण ज्या गोष्टी नुसत्या बसल्या जागी पाहू शकतो, त्या डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत.

म्हणून एक वही ठेवा. कोण आले, कोण नाही आले, कोणाला दिसत नव्हते, कोणाला ऐकू येत नव्हते. वहीतली नावे बाहेर सांगू नका, फक्त व्यवस्थापकांना आणि तिथल्या डॉक्टरांना सांगा. कान-डोळ्यांच्या तपासणीसाठी कॅम्प ३ च्या मध्यवर्ती रुग्णालयात नेण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. तिचा अर्ज भरून द्यावा. दोन महिने सलग न आलेला माणूस रुसलेला आहे असे समजू नका. त्याच्या खाटेपाशी जा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी मदत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा.

सिनेमानंतरचा अर्धा तास

'कसा वाटला?' असे विचारले की 'छान होता' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, 'हा पिक्चर पहिल्यांदा कुठे पाहिला? सोबत कोण होते? तिकीट किती होते?' मग माणसे बोलू लागतात. कोणी रात्रपाळी चुकवल्याचे सांगते, कोणी नवऱ्याने हट्ट पुरवल्याचे. आठवणी काढून बोलण्याचा उपयोग विस्मरणाच्या रुग्णांना होतो का, यावर अभ्यास झाले आहेत. फायदा मोठा दिसत नाही, पण वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांचे बोलणे आणि जगण्यातले समाधान थोडे वाढते असे त्यांत आढळले आहे. औषधाच्या गोळीशिवाय एवढे मिळत असेल तर ते कमी नाही. त्यांची हरकत नसेल तर या आठवणी लिहून घ्या. आपल्या चळवळीचा कितीतरी इतिहास अशा खाटांवर पडून आहे आणि दर वर्षी कमी होत चालला आहे. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

'औषधाला पैसा नाही आणि सिनेमा कसला?'

हा आक्षेप येईल, आणि तो गरिबीतून आलेला असल्याने त्याचा आदर करून उत्तर द्यायला हवे. सिनेमासाठी औषधाचा एक रुपयाही काढायचा नाही. प्रोजेक्टर आणि स्पीकर अनेक विहारांत, मंडळांत आहेत आणि वर्षातले बहुतेक दिवस कपाटात असतात. चादर पडद्याचे काम करते. लागणार आहेत ती महिन्यातून चार-पाच तास देणारी सहा माणसे.

'म्हातारपणी धम्म ऐकावा, पिक्चर कशाला?' असेही कोणी म्हणेल. सत्यशोधक जलशापासून आंबेडकरी जलशापर्यंत आपल्या चळवळीने करमणूक आणि प्रबोधन यांच्यात कधी भिंत घातली नाही. धम्माबद्दल बोलायचे तर विनयपिटकातली गोष्ट आठवावी. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजवले. इतर भिक्खू त्याची काळजी का घेत नाहीत, असे विचारल्यावर कारण कळले, की तो कोणाच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी संघाला एकत्र बोलावून समज दिली, की रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा समजा. वृद्धाश्रमातला माणूसही आता कोणाच्या उपयोगाचा राहिलेला नाही, असे जग समजते. त्याला काय आवडते हे विचारणे आणि ते त्याच्यासोबत बसून पाहणे, यात धम्म नसेल तर मग कशात असेल?

सुरुवात

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि तीन महिने आपल्या विहारांत माणसांची ये-जा वाढते. पावसात ज्येष्ठांचे बाहेर पडणे तर पूर्णच थांबते. तोच काळ धरावा. पौर्णिमेनंतरचा रविवार हा सिनेमाचा दिवस ठरवून टाकावा आणि वर्षावासाचे तीन सिनेमे एकही न चुकवता करावेत. अश्विन पौर्णिमेला वही उघडून पाहावी, किती जण येऊ लागले, किती जणांचे डोळे-कान तपासले गेले. त्यानंतर पुढचे नऊ महिने ठरवावेत.

एक गोष्ट मात्र पक्की असू द्या. सुरू करून दोन महिन्यांत बंद पाडायचे असेल तर सुरूच करू नका. वाट पाहायला लावून न येणाऱ्यांची यादी त्या माणसांकडे आधीच मोठी आहे. कॅम्प ४ च्या विहारांनी त्या यादीत आपले नाव घालू नये.

जयभीम! नमो बुद्धाय!